तीन रेघा, पाच रेघा

सातपुड्याच्या पायथ्याचे अंजनगाव सुर्जी पानमळ्यांसाठी आणि पानपिंपळीसाठी प्रसिद्ध आहे. येथे चिंचेवर, कौलांवर, विहिरीच्या काठावर बागडणारी खार कोणाला ठाऊक नाही? सेतू बांधताना श्रीरामाने प्रेमाने बोटे फिरविली आणि तिच्या पाठीवर तीन रेघा उमटल्या, ही गोड कथा शेजारच्या अंगणात आपण सर्वांनीच ऐकली आहे.

तथापि वऱ्हाडात वस्तीलगत वावरणारी खार एकदा नीट न्याहाळावी. पाठीवरच्या तीन ठळक रेघांच्या खाली, दोन्ही कुशींवर, आणखी एकेक अंधूक रेघ दिसते. ही पाच पट्ट्यांची खार. तीन पट्ट्यांची तिची बहीण मुख्यतः दक्षिणेची. तिला झाडी अधिक मानवते, तर पाच पट्ट्यांची खार माणसाच्या घराशी अधिक सलगी करते. तीन पट्ट्यांच्या खारीच्या शेपटीखाली मधोमध तांबूस पट्टा असतो, दुसरीला तो नसतो. पहिलीची पिल्ले सुमारे ३४ दिवसांत जन्मतात, दुसरीची ४० दिवसांनंतर. लिनियसने तीन पट्ट्यांच्या खारीचे नामकरण १७६६ साली केले. पाच पट्ट्यांच्या खारीला तिचे आजचे शास्त्रीय नाव रॉटन या वनाधिकाऱ्याने दिले, ते १९०५ साली.

पाच म्हणताच आपल्या भाविक मनाला प्रभू येशूच्या पाच जखमा आठवतील. आठवाव्यातही. परंतु आपल्याला हवा तो अर्थ सापडावा म्हणून काही या रेघा उमटलेल्या नाहीत. परमेश्वराने प्राणी आपापल्या जातीप्रमाणे निर्माण केले, असे उत्पत्तीचे पुस्तक सांगते. आदामाने त्यांना नावे दिली, तीही ते समोर आल्यावर. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात हेच बजावले, की प्रत्येक जीवाला माणसाच्या उपयोगापलीकडे स्वतःचे मोल आहे.

या भागात आपण ख्रिस्ती संख्येने थोडे. कोणी न पाहता, न विचारता "हे सगळे सारखेच" म्हणून मोकळे झाले, की ते आपल्या मनाला लागते. मग आपणही दुसऱ्यांविषयी असे घाईने बोलू नये. मुलांना खारीची कथा अवश्य सांगावी, आणि मग त्यांना अंगणात नेऊन म्हणावे, "बाळांनो, आता रेघा मोजा."