बर्फाच्या वहीतून

३१ जुलै, रेवदंडा

मासेमारीबंदी आज संपतेय. १ जूनपासून ओढून ठेवलेल्या होड्यांना नवा रंग चढलाय. काही नाखवे मात्र नारळी पुनवेआधी हलणार नाहीत.

मी होड्यांवर फिशफाइंडर बसवून देतो. कार्डावर ‘टेक्निकल सेल्स’ लिहिलंय. वाचून आई अजून हसते. पदवी मराठीची, त्यानंतर नऊ वर्षं बर्फाच्या कारखान्यात उधारीची वही. कोण पैसे कधी देतो, कोणाचं इंजिन दुसऱ्यांदा खोललंय, कोणाकडे लग्न निघालंय, हे त्या वहीनंच शिकवलं. कंपनी आता त्याला अकाउंट मॅनेजमेंट म्हणते.

यंत्र शिकताना मात्र घाम फुटला. होडीखालून सोडलेला आवाज समुद्रात सेकंदाला साधारण १५०० मीटर धावतो, तळावर आपटून परततो. लागलेल्या वेळेवरून खोली कळते. माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरूनही तो उलटतो. हे एका म्हाताऱ्या नाखव्याला सांगितलं, तर म्हणाला, “माझा बा वल्हं पाण्यात घालून कान लावायचा, घोळ मासळी बोलते ती ऐकायला. तुझं तेच, फक्त महाग.”

लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण झाली. मुंबईतली शिक्षकी सोडून बेळगावात सायकली विकल्या, पुढे लोखंडी नांगर केला. तर शेतकरी म्हणत, लोखंडानं जमिनीत विष भिनेल. माझ्या नाखव्याची शंका त्यामानानं सभ्यच.

उद्या पहाटे त्याच्याच होडीवर जोडणी तपासायचीय. उरलेला हप्ता पापलेट आल्यावर.