अकरा वाजून त्रेचाळीस मिनिटे

वाचकहो, आज तुम्हाला जरा लांबच्या गावाला न्यायचे आहे. तिकीट नाही, बोचके-गाठोडे नाही, मनाच्या गाडीने जायचे. मात्र एक अट आधीच सांगून ठेवतो. दुपारच्या बाराच्या आत त्या गावातून बाहेर पडायचे. जो रेंगाळेल तो तिथेच राहील.

गावाचे नाव पोर्ट रॉयल, बेट जमैका, आणि दिवस ७ जून १६९२. आपल्याकडे त्या वर्षी राजाराम महाराज जिंजीच्या किल्ल्यात होते आणि मोगलांचा वेढा पडलेला होता. तेव्हा हजारो कोसांवर, अमेरिकेच्या बाजूच्या कॅरिबियन समुद्रात, इंग्रजांचे हे बंदर पैशात लोळत होते. १६५५ मध्ये त्यांनी हे बेट स्पॅनिश लोकांकडून हिसकावले आणि थोड्याच वर्षांत या टोकावर शहर उभे केले.

सकाळ आहे. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, ऊन अंगाला चटके देते आहे. आपण धक्क्यावर उतरलो आहोत. शहर केवढे म्हणाल, तर अवघे ५१ एकर. आपल्याकडच्या एखाद्या बड्या वतनदाराच्या शेताएवढे! पण तेवढ्यात सुमारे दोन हजार इमारती आणि साडेसहा हजार माणसे दाटीवाटीने बसली आहेत. घरे विटांची, दुमजली, तिमजली, थेट लंडनच्या नमुन्याची. गल्ल्या अरुंद. पावलोपावली दारूचा गुत्ता. पूर्वी इथे समुद्री लुटारूंचा सुळसुळाट होता. हेन्री मॉर्गन हा त्यांतला अट्टल गडी पुढे सरकारी नोकरीत शिरून याच बेटाचा उपराज्यपाल झाला आणि १६८८ मध्ये वारला. जवळच वाळूत त्याला पुरले आहे. लुटारूंमुळे या शहराला जगातले सर्वांत पापी शहर म्हणत. धक्क्यावर साखरेची पिंपे रचलेली दिसतील. तुमच्यापैकी अनेकांच्या शेतात ऊस आहे, म्हणून सांगतो, ही साखर आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या घामाची. त्या माणसांचा बाजारही इथेच भरतो. इकडे मान वळवून पुढे जाता येत नाही, म्हणून क्षणभर थांबलो.

आता पायाखाली बघा. माती नाहीच. समुद्रात शेपटासारखी गेलेली वाळूची एक लांब पट्टी आहे, तिच्या टोकावर हे सगळे उभे आहे. जागा कमी पडली तशी उथळ पाण्यात भर घालून तिच्यावरही घरे चढवली. गोड्या पाण्याचीही सोय नाही. पलीकडच्या किनाऱ्यावरून नदीचे पाणी पिंपे भरून होड्यांतून येते. आपला एखादा जुना शेतकरी इथे आला असता तर पहार मारून म्हणाला असता, “अहो, पाया कुठाय?”

चर्चजवळ, व्यापारी जमतात त्या जागी, पाद्री हीथ आणि बेटाच्या कौन्सिलचे अध्यक्ष व्हाइट बसले आहेत. हीथसाहेबांना एका कप्तानाकडे जेवायचे आमंत्रण आहे. ते उठू बघतात, पण व्हाइटसाहेबांनी नुकताच तंबाखूचा पाइप पेटवला आहे. तो संपेपर्यंत बसा म्हणतात. भिडेखातर पाद्रीबुवा बसतात.

आणि जमीन हलते.

एक धक्का, दुसरा, मग तिसरा, सर्वांत मोठा. रस्ते लाटांसारखे वरखाली होतात. धक्क्यालगतच्या गल्ल्यांतली घरे नुसती कोसळत नाहीत, उभीच्या उभी खाली जातात. जमिनीला भेगा पडतात, माणसे त्यांत गळ्यापर्यंत रुततात. मागून समुद्र आत येतो. धक्क्याला लागलेले ‘स्वान’ नावाचे लढाऊ जहाज घरांच्या छपरांवरून वाहत जाते, आणि बुडणारे कित्येक जण त्यालाच धरून वाचतात. कबरस्तान फुटून जुनी प्रेते पाण्यावर तरंगतात. मॉर्गनची कबरही गेली. काही मिनिटांत ५१ पैकी सुमारे ३३ एकर पाण्याखाली!

हीथसाहेब मोकळ्या जागेकडे धावले आणि वाचले. ज्या कप्तानाकडे जेवायला जायचे होते ते घर आतल्या माणसांसकट बुडाले. ही हकीकत त्यांनीच पत्रांतून लिहून ठेवली आहे.

हे घडले कसे? घरातली पायली आठवा. जोंधळे भरताना माप जरा हालवले की दाणे खाली बसतात, वर जागा होते. सैल वाळूचेही तसेच. पण दाण्यांच्या फटींत पाणी गच्च भरलेले असेल तर? हिसका बसला की दाणे बसू पाहतात, पाण्याला मात्र इतक्या झटकन निघायला वाट नसते. मग पाणीच दाण्यांना उचलून धरते, त्यांची एकमेकांवरची पकड सुटते आणि घट्ट दिसणाऱ्या जमिनीची आंबील होते. नदीकाठच्या ओल्या वाळूत उभे राहून पाय हालवले की पावले आत जातात, हा तोच प्रकार. विटांच्या तिमजली ओझ्याचे मग काय होणार! हालणे थांबल्यावर पाणी निघून जाते आणि वाळू पुन्हा आवळते. भेगांत रुतलेली माणसे तिच्यात चेंगरली ती अशी.

त्या दिवशी सुमारे दोन हजार माणसे गेली. मागाहून रोगराईने त्याहूनही जास्त नेली. रात्री पडक्या घरांत लूटही झाली, कारण माणूस तोच. पापाचे फळ म्हणून पुष्कळांनी प्रवचने झोडली. मला ते पटत नाही. वाळूने लुटारू आणि तान्हे मूल असा भेद केला नाही, आणि बाजारातल्या त्या गुलामांनी कोणते पाप केले होते?

लुई गाल्डी नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्याला जमिनीने गिळले आणि पुढच्या धक्क्याने समुद्रात फेकले. होडीने उचलेपर्यंत तो पोहत राहिला. पुढे १७३९ पर्यंत जगला! त्याच्या थडग्यावर ही सगळी कथा कोरलेली आहे.

वाचलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी खाडीपलीकडे किंग्स्टन वसवले. काहींनी मात्र हट्टाने इथेच पुन्हा घरे उभारली. १७०३ मध्ये ती आगीत गेली.

बुडालेले शहर गाळाखाली तसेच पडून राहिले. १९५९ मध्ये एडविन लिंक या अमेरिकन माणसाने तिथे बुड्या मारल्या, तेव्हा एका स्वयंपाकघराची जागा सापडली. तांब्याच्या भांड्यात कासवाची आणि गाईबैलांची हाडे होती. दुपारचे जेवण शिजत होते. एक पितळी खिशातले घड्याळही मिळाले. काटे खाऱ्या पाण्याने खाल्लेले, पण तबकडीवर चढलेल्या पुटात त्यांच्या खुणा राहिल्या होत्या. क्ष-किरणांनी पाहिले तर वेळ अकरा वाजून त्रेचाळीस. पुढे १९८१ पासून दहा वर्षे शास्त्रशुद्ध खोदकाम झाले. २०२५ मध्ये युनेस्कोने या जागेला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

आज तिथे कोळ्यांचे लहानसे गाव आहे. किंग्स्टनहून त्याच वाळूच्या पट्टीवरून, विमानतळाला वळसा घालून मोटार जाते. लोक तळलेली मासळी खायला येतात. तोफखान्याची एक कोठी १९०७ च्या भूकंपात कलंडली, ती तशीच ठेवली आहे. आत पाऊल टाकले की डोके गरगरते, तोल जातो, आणि पोरेबाळे हसत हसत भिंतीला धरून बाहेर येतात.