पुन्हा सायकलवर

बी. ए. होईपर्यंत मी कॉलेजला सायकलनेच जात असे. लग्न झालं नि ती माहेरच्या माळ्यावर पडली. पंधरा वर्षांनी, गेल्या डिसेंबरात, भाच्यांच्या सायकली गाडीवर बांधून आम्ही भंडारदऱ्याला गेलो. हे म्हणाले, "पहिल्याच चढाला उतरशील!" लागलं हो मनाला.

शेंडीहून रतनवाडीची वाट धरली. मुद्दाम मंगळवारी, सुटीला आणि काजव्यांच्या दिवसांत तिथे मोटारींची रीघ लागते. एका अंगाला प्रवरेवरच्या १९२६ सालच्या धरणाचं पाणी, पुढे रतनगड. इतकं शांत, की साखळीची कुरकुर ऐकू यावी. (पंप, पंक्चरचं सामान नि दशम्या मात्र बरोबर घ्याच.)

पहिल्या चढाला मी उतरलेच. पुढच्यालाही. मोळीवाली एक बाई म्हणाली, "बाई, यष्टी चुकली व्हय?"

"नाही हो मावशी, हौस!"

तिच्याबरोबर बोलत चढ चालले नि वर पुन्हा टांग टाकली. उतारावर डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्यानं, असं ह्यांना सांगितलं.

अमृतेश्वराच्या देवळाशी दशम्या सोडल्या, तेव्हा उतरण्याचा विषय ह्यांनी काढला नाही. तेही दोनदा उतरले होते!

घरी येऊन आईला फोन केला. "टायर कुजलेत गं," म्हणाली. टायर काय, नवे मिळतात.