कोरोला, पिकअप आणि लेकीचं लायसन्स

आमच्या ड्राइव्हवेमध्ये सध्या दोन गाड्या आहेत आणि घरात दोन पक्ष. एक २००५ ची टोयोटा कोरोला, दुसरा २०२१ चा भलाथोरला पिकअप ट्रक. लेक साडेपंधरा वर्षांची झाली. इथे ओहायोत या वयात शिकाऊ परवाना मिळतो आणि सोळाव्या वर्षी लायसन्स हवं तर त्याआधी ५० तास सराव करावा लागतो, त्यातले १० रात्रीचे. तर प्रश्न असा, की तिच्या हातात गाडी द्यायची कुठली?

नवऱ्याचं मत पक्कं, पिकअप. त्याचं म्हणणं खोटं नाही. कोरोला जेमतेम ११५० किलोची, पिकअप दोन टनांच्या वर. दोघांची टक्कर झाली तर जास्त हिसका हलकीला बसणार, हे शाळेतलं भौतिकशास्त्र. शिवाय बर्फात गाडी घसरू लागली की सावरणारी ईएससी यंत्रणा अमेरिकेत २०१२ च्या मॉडेल्सपासून सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीची झाली. आमच्या म्हातारीत ती नाही. पिकअपमध्ये ती आहे, मागचा कॅमेरा आहे, आपोआप ब्रेक लागायचीही सोय आहे.

माझा जीव कोरोलात. लेकीला हॉस्पिटलातून घरी आणली ती याच गाडीतून. पण भावनेवर मतं मागायची नाहीत असं ठरलंय, म्हणून ते राहू दे! माझा मुद्दा दिसण्याचा आहे. कोरोलाचं नाक ठेंगणं आणि उतरतं, पुढचा रस्ता लगेच नजरेत येतो. पिकअपसमोर उभी राहिले तर बॉनेट माझ्या छातीशी येतं. शेजारचा चार वर्षांचा मुलगा तिचाकी घेऊन समोर आला, तर तो आत बसलेल्याला दिसेल कसा? आयआयएचएस ही विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी संस्था. तिच्या २०२३ च्या अभ्यासानुसार, ज्यांच्या बॉनेटची उंची ४० इंचांहून जास्त, अशा गाड्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता ठेंगण्या, उतरत्या नाकाच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त असते.

म्हणजे तो गाडीतल्या मुलीचा विचार करतोय आणि मी रस्त्यावरच्या मुलाचा. दोघांनाही झोप लागत नाही ती एकाच कारणाने.

शेवटी याच संस्थेने नवशिक्या मुलांसाठी काय सांगितलंय ते काढून वाचलं. ईएससी हवीच. २७५० पौंडांहून, म्हणजे साधारण १२५० किलोंहून हलकी गाडी नको. आणि मोठे पिकअपही नकोत, कारण ते आवरायला अवघड आणि थांबायला जास्त अंतर घेतात. झालं! दोन्ही पक्षांचं डिपॉझिट जप्त!

आता ठरलंय ते असं. सरावाला कोरोला, तीसुद्धा शाळेचं रिकामं पार्किंग आणि आपल्या गल्ल्यांपुरती. लायसन्स मिळालं की २०१२ नंतरची, मध्यम आकाराची, वापरलेली सेडान शोधायची. पिकअप लाकडं आणि ट्रेलर ओढायला आहेच. कोरोला विकायची की नाही, यावर मतदान व्हायचंय.

५० पैकी ७ तास झालेत. लेक शांतपणे चालवते. मी शेजारच्या सीटवर, नसलेला ब्रेक पायाने दाबत असते.