शक्तितस्तप आणि एक गोळी



भाद्रपद जवळ आला की बस्तीत एकच विषय असतो. यंदा कोण किती उपवास धरणार, कोण दहा दिवस एकाशन करणार, पारणं कुणाकडे. आज मीही त्याच विषयावर लिहिते आहे, पण दुसऱ्या बाजूने. यात चूक माझी आहे, म्हणून मीच सांगायला हवी.

माझ्या धाकट्या जावेला सहा वर्षांपूर्वी रक्ताचा कॅन्सर निघाला. दमल्यासारखं होतं म्हणून रक्त तपासलं, तर पांढऱ्या पेशी लाखाच्या वर. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल. घरात रडारड झाली. पण डॉक्टर शांतपणे म्हणाले, "रोज एक गोळी. जेवणाबरोबर, मोठा ग्लासभर पाण्यासोबत. चुकवायची मात्र नाही." कॅन्सरला एक गोळी? आमचा विश्वासच बसेना. पण खरंच, काही महिन्यांत ती पूर्वीसारखी पहाटे उठून अभिषेकाला जाऊ लागली.

बरं वाटू लागलं आणि तिथेच घोटाळा झाला. दशलक्षणात तिने एकाशन धरलं. गोळीने मळमळतं, उलटी झाली तर व्रत मोडेल, ही तिची भीती. मला विचारलं, "अक्का, दहा दिवस गोळी नाही घेतली तर चालेल ना?" मी म्हणाले, "दहा दिवसांनी काय होतंय? धर्माचं काम आहे." मग अष्टमी-चतुर्दशीचे उपवासही सुरू झाले. त्या दिवशी पाणीसुद्धा नाही, तर गोळी कुठली? वर्षभराने तपासणीत आजाराचा आकडा, जो खाली खाली जात होता, तो वर सरकला.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी कागद पुढे केला आणि हिशेब करायला सांगितला. मी बी. कॉम., हिशेब मीच केला. महिन्याचे चार म्हणजे वर्षाचे ४८ उपवास, त्यात दशलक्षणाचे १०, त्यातली अष्टमी आणि चतुर्दशी आधीच धरलेली, म्हणून २ वजा. एकूण ५६. वर्षातल्या शंभर गोळ्यांपैकी पंधरा चुकल्या. डॉक्टर म्हणाले, लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१० साली दाखवून दिलं आहे, की शंभरातल्या दहाहून अधिक गोळ्या चुकल्या तर आजार खोलवर आटोक्यात येण्याची शक्यता खूप कमी होते. तो कागद मी अजून ठेवला आहे.

त्या रात्री मी ही गोळी आली कुठून, ते नातवाकडून शोधून घेतलं. डॉ. ब्रायन ड्रुकर नावाचे अमेरिकन डॉक्टर आहेत. कॅन्सरचे रुग्ण तपासणारे आणि प्रयोगशाळेतही बसणारे. त्या काळी सीएमएलला इंटरफेरॉनची इंजेक्शनं असत, त्यांनी ताप आणि अंगदुखी. नाहीतर दुसऱ्याचा अस्थिमज्जा घालायचा, तोही जुळला तर. बहुतेक रुग्ण काही वर्षांतच जात.

या आजाराचं मूळ १९६० मध्ये फिलाडेल्फियातल्या पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना दिसलं होतं, पेशीतलं एक आखूड गुणसूत्र. ते आखूड का, हे १९७३ मध्ये सांगितलं शिकागोच्या डॉ. जॅनेट राउली यांनी. चार मुलगे सांभाळून अर्धवेळ काम करणारी ही बाई घरच्या जेवणाच्या टेबलावर गुणसूत्रांचे फोटो कापून जुळवत बसे. दोन गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत बदलले गेले आहेत, हे तिच्या तिथे लक्षात आलं. जेवणाच्या टेबलावरचं आपलं काम आठवलं आणि मला फार बरं वाटलं.

त्या अदलाबदलीतून एक चुकीचं प्रथिन तयार होतं. गॅसचं बटण चालू स्थितीत अडकून बसावं तसं ते पेशींना वाढतच राहा म्हणतं. ड्रुकर १९९३ मध्ये ओरेगनमधल्या पोर्टलंडला गेले आणि सीबा-गायगी कंपनीतल्या निकोलस लिडन यांच्याकडून त्यांनी काही रसायनं मागवून घेतली. त्यातलं एक आजारी पेशी मारत होतं, निरोगी पेशींना जवळजवळ धक्का लावत नव्हतं. तेच इमॅटिनिब. जून १९९८ मध्ये ते पहिल्यांदा रुग्णांना दिलं. पुरेशी मात्रा मिळालेल्या ५४ जणांपैकी ५३ जणांच्या रक्तातल्या पेशी पूर्ववत झाल्या. मे २००१ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. पुढे सुरुवातीपासून हे औषध घेतलेल्या रुग्णांची माहिती दहाएक वर्षांनी तपासली, तेव्हा शंभरातले ८३ हयात होते.

आपल्याला ते परवडतं, त्यामागेही एक गोष्ट आहे. मूळ कंपनीचं औषध महिन्याला लाखाच्या वर पडे, भारतीय कंपन्यांचं त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा फेटाळला, म्हणून स्वस्त गोळी राहिली. चार दानांत औषधदान का सांगितलं आहे, ते मला त्या दिवशी कळलं.

एक गोष्ट मात्र खटकते, ती लपवत नाही. औषध माणसाला देण्याआधी बहुतेक वेळा प्राण्यांवर तपासतात, हेही तसंच तपासलं गेलं. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. जाऊ आणि मी दोघी प्रतिक्रमणात त्या जीवांची क्षमा मागतो. आधी तिला कॅप्सूल मिळत असे, तिचं आवरण जिलेटीनचं. डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी लगेच गोळी लिहून दिली. मैत्रिणींनो, विचारायला लाजू नका.

मग आम्ही माताजींकडे गेलो. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "सोळाकारण भावनांत तपाची भावना कोणती?" जाऊ म्हणाली, "शक्तितस्तप." माताजी म्हणाल्या, "म्हणजे शक्तीप्रमाणे. शक्ती लपवायची नाही आणि नसलेली दाखवायचीही नाही."

आता तिचा नियम असा आहे. दशलक्षणात एकाशन करते, त्याच जेवणात गोळी, तेही डॉक्टरांना विचारून. अष्टमी-चतुर्दशीला उपवास नाही, रसपरित्याग. कधी तूप सोडते, कधी मीठ. मळमळीसाठी डॉक्टरांनी वेगळं औषध दिलं आहे. आकडा पुन्हा खाली येतो आहे, हळूहळू. दर तीन महिन्यांनी रिपोर्ट येईपर्यंत माझ्या पोटात गोळा असतो.

पाप कृत, कारित आणि अनुमोदित, तिन्ही प्रकारे लागतं हे आपण लहानपणापासून ऐकतो. गोळी तिने सोडली, पण अनुमोदना माझी होती. गेल्या क्षमावाणीला मी तिच्यापुढे हात जोडले. ती म्हणाली, "अक्का, मी तरी डॉक्टरांना कुठं विचारलं?" आणि आम्ही दोघी रडलो.

यंदा तुमच्या घरात कुणी रोजच्या गोळीवर असेल आणि उपवासाबद्दल विचारायला आलं, तर "काय होतंय" म्हणू नका. आधी डॉक्टरांकडे पाठवा, मग महाराजांकडे.

उत्तम क्षमा.