साडेचार वार लुगडं

शाळेच्या डायरीत बाईंनी चिठ्ठी टाचून पाठवली होती. '३ जानेवारी, सावित्रीबाई फुले जयंती. आपल्या पाल्याची भूमिका : फातिमा शेख. पोशाख : बुरखा, किंवा चमकीचा सलवार-कमीज व हिरवी ओढणी. पोशाखाची सोय पालकांनी करावी.'

२००६ चा डिसेंबर संपत आला होता. आम्ही तेव्हा कराडात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. मुन्नी तिसरीत होती. नाटुकल्यात काम मिळालं म्हणून ती घरभर नाचत होती. फातिमा शेख कोण, हे मला तिच्याकडूनच पहिल्यांदा कळलं, हे इथे कबूल केलेलं बरं. मी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले. सावित्रीबाई ठाऊक होत्या, त्यांचं नायगाव तर आमच्याच सातारा जिल्ह्यातलं. पण त्यांच्या शाळेत फातिमा नावाची बाई शिकवत होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पुढे वाचायला मिळालं. सावित्रीबाई आजारपणात माहेरी असताना त्यांनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना पत्र लिहिलं, त्यात आपल्यामागे फातिमेला किती त्रास पडत असेल, याची काळजी आहे. तेव्हा मुन्नीच्या बाईंविषयी मी पुढे जे काही लिहीन, ते हे उपकार मान्य करून.

त्या वर्षी बकरी ईद १ जानेवारीला आली होती. दोन्ही नणंदा मुलाबाळांसह येणार होत्या. मुन्नीचे अब्बा गॅरेजमध्ये कामाला, त्यांनी पगारातली उचल आधीच घेतलेली. माझं साड्यांना फॉल-पिको करण्याचं काम होतं. एका साडीचे पंचवीस रुपये. लग्नसराईत बरं चालायचं, पण गिऱ्हाईक पैसे देताना 'पुढच्या वेळी एकदम देते' म्हणायचं.

तरी मी ड्रेपरीच्या दुकानात जाऊन आले. दुकानदाराने विचारलं, "काय पाहिजे? मावळा, राधा, शेतकरी?" मी सांगितलं. त्याने आतून एक पिशवी काढली. टिकल्या लावलेला, काखेत उसवलेला हिरवा सलवार-कमीज होता. टीव्हीवर कव्वालीच्या मागे टाळ्या वाजवणाऱ्या मुली घालतात तसला. "मुस्लिम ड्रेस हाच आहे. भाडं ऐंशी, अनामत दोनशे." मी हातात घेऊन बघितला आणि परत दिला. पैशामुळेच परत दिला. तेव्हा माझ्या मनात दुसरं काही नव्हतं, उगाच आता मोठेपणा कशाला घेऊ.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. अम्मा तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "ती बाई कधीची?"

"दीडशे वर्षांपूर्वीची. पुण्याची."

"मग तिनं असलं चमकीचं कुठनं घालावं? माझी आई पाटणकडची. जन्मभर नऊवारीच नेसली. कासोटा घालून भांगलायला जायची. नमाजाच्या वेळेला कासोटा सोडायचा, डोक्यावरनं पदर घ्यायचा, झालं."

मला हे माहीत नव्हतं असं नाही. आमच्या माहेरीही आजीचा एक फोटो होता, त्यात ती लुगड्यातच आहे. पण चिठ्ठी वाचताना मला ती आठवली नाही. बाईंनी लिहिलं 'बुरखा किंवा चमकीचा', आणि मीसुद्धा तेच शोधायला निघाले.

अम्मांनी पेटी उघडली. तळाला त्यांच्या आईचं इरकली लुगडं होतं. जांभळं, लाल काठाचं, लाल पदरावर पांढऱ्या रेघा. कडुलिंबाच्या वाळलेल्या पाल्याचा वास येत होता. मधोमध मात्र इतकं विरलेलं की दिव्यासमोर धरलं तर पलीकडचा कोनाडा दिसावा. बसून बसून लुगडं तिथेच जातं. अशा लुगड्याची वाकळ होते, पण अम्मांनी ते वाकळीत घातलं नव्हतं.

तेवढ्यात शेजारच्या वहिनी आल्या. त्यांची पोर मुन्नीच्याच वर्गात. तिला सावित्रीबाईंचं काम मिळालं होतं. शिवलेली नऊवारी भाड्याने आणायची तर तेच ऐंशी आणि दोनशे. त्यांचे यजमान हमालीला जायचे. वहिनी स्वतः सहावारी नेसणाऱ्या, घरात नऊवारी नव्हती. त्या लुगड्याकडे बघत राहिल्या, मागितलं मात्र नाही.

अम्मांनी लुगडं जमिनीवर पसरलं, विरलेल्या जागेवर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "हितनं काप. दोघींचं होतंय."

नऊ वाराचे दोन भाग, साडेचार-साडेचार वाराचे. आठ वर्षांच्या मुलीला तेवढं पुरतं. नवं कापड असतं तर कात्रीने टोक देऊन सरळ फाडलं असतं, पण विरलेलं कापड वेडंवाकडं जातं. म्हणून खडूने रेघ मारून कात्रीने कापलं. अम्मांनी बजावलं, "कात्री एवढीच. पुन्हा लावायची नाही." त्यामुळे पुढचं सगळं मला न कापता करावं लागलं. लुगड्याचा पन्हा मोठ्या बाईचा, मुलीच्या कमरेपासून घोट्यापर्यंत जेमतेम अठ्ठावीस इंच. वरचं कापड आत दुमडून लांब टाक्यांचा धावदोरा घातला, म्हणजे नंतर ओढून काढता येईल. निऱ्या एकीवर एक बसवून नाड्याच्या पट्टीला टाचल्या. कासोटा मागे नेऊन टिचबटणाने अडकवला. पोरी स्टेजवर पळणार, नेसवलेलं लुगडं टिकलं नसतं.

अडचण पदराची होती. लुगड्याला पदर एकच. मुन्नीने तो आधीच खांद्यावर घेऊन आरशात बघितला होता. अम्मा म्हणाल्या, "पदराचा भाग तिच्या मैत्रिणीला दे."

"का? दादीच्या आईचं लुगडं आहे, आमचं आहे," मुन्नीने भोकाड पसरलं.

"म्हणूनच," अम्मा म्हणाल्या. "दुसऱ्याच्या लेकराला द्यायचं तर चांगलं द्यावं." मुन्नीला हे पटलं नाही आणि त्या रात्री ती जेवली नाही. मलाही फारसं पटलं नव्हतं. मी मशीनवर बसले. गिऱ्हाइकांच्या साड्यांमधून उरलेले लाल फॉलचे तुकडे माझ्याकडे पिशवीभर होते. प्रत्येक पट्टी जेमतेम पाच इंच रुंद. त्या एकीला एक जोडल्या आणि जोडावर पांढऱ्या दोऱ्याची टीप मारली. लांबून रेघांचा पदर वाटावा असं झालं. जवळून बघणाऱ्याला चार वेगवेगळे लाल दिसायचे. चोळ्या माझ्या जुन्या ब्लाउजांच्या केल्या, त्यातल्या एकीला लांब बाह्या लावल्या. एकूण खर्च नाडा आणि टिचबटणं मिळून नऊ रुपये.

ईदेच्या दिवशी मोठे दीर आले. दाराआडच्या खुंटीवर टांगलेलं ते बघून त्यांनी विचारलं. ऐकून त्यांचा चेहरा बदलला. "मुसलमान औरत का पार्ट, और ये कपडे? हमारे में ऐसा नै चलता."

अम्मा चुलीपाशी होत्या. तिथूनच म्हणाल्या, "तेरी नानी क्या पैनती थी रे?"

दीर गप्प बसले. पण त्यांना ते आवडलं नाही, आणि जाताना मुन्नीच्या अब्बांना बाजूला घेऊन काहीतरी बोलले. काय, ते मला यांनी कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना विचारायला शाळेत गेले. बाई भल्या होत्या. नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमचं बरोबर असेल हो. पण दोघी नऊवारीत आल्या तर त्यातली मुस्लिम कोणती, हे लोकांना कळणार कसं?"

मी म्हटलं, "बाई, ती नाव सांगेल की."

बाई हसल्या. पण प्रश्न त्यांनी मनापासून विचारला होता, आणि उत्तराने त्यांचं समाधान झालं नाही हे मला दिसत होतं. ओळख पटायला कपाळ होतं. एकीच्या कपाळावर कुंकवाची आडवी चिरी, दुसरीचं कपाळ मोकळं. पण मागच्या रांगेतल्या माणसाला कपाळ दिसत नाही. शेवटी बाईंनी स्वतःची हिरवी ओढणी आणायचं कबूल केलं. मुन्नीने लुगड्यावर ती घ्यायची. मी हो म्हणाले. आणखी ताणायचं धाडस मला झालं नाही. पोर त्याच शाळेत जाणार होती.

कार्यक्रमाला मी आणि वहिनी मागे उभ्या होतो. सावित्रीबाई शाळेत निघाल्या की मुलांनी शेणगोळे फेकायचे, असा प्रसंग होता. बाईंनी त्यासाठी खाकी कागदाचे बोळे करून दिले होते. एका पोराने, खरं वाटावं म्हणून, घरून डब्यात खरंच शेण आणलं होतं. ते वहिनींच्या पोरीच्या गालावर आणि पदरावर बसलं. पोर आपलं भाषण विसरली आणि रडायला लागली. लोक हसले. बाई पडद्याआडून हातवारे करत होत्या. मुन्नीची वेळ अजून यायची होती, पण ती पळत आली आणि डोक्यावरची हिरवी ओढणी ओढून तिने मैत्रिणीचा गाल पुसला. मग ओढणीचा बोळा काखेत धरून तिने आपली वाक्यं म्हटली, "मी फातिमा शेख," इथून सुरू होणारी. थोडी घाईत म्हटली.

वहिनी माझा दंड घट्ट धरून उभ्या होत्या. मला मात्र शेण लागलेला तो पदर दिसत होता, आणि घरी अम्मांना काय सांगू, हेच डोक्यात घोळत होतं. बाईंची ओढणी मी धुऊन, इस्त्री करून दुसऱ्या दिवशी परत केली. त्या म्हणाल्या, "लोकांना कळलं हो तसं." वर्गात दोन-तीन मुलींनी मुन्नीला विचारलं, तुमच्यात लुगडं नेसतात का. तिने काय सांगितलं, ते मी विचारलं नाही.

वहिनींनी त्यांचा भाग रिठ्याच्या पाण्यात धुतला, सावलीत वाळवला आणि संक्रांतीला तिळगुळाच्या डब्यासोबत आणून दिला. पांढऱ्या रेघांवर पिवळट डाग राहिला होता. त्या सारखी माफी मागत होत्या. अम्मांनी पदर उलटसुलट करून बघितला. "शेणाचाच ना? माझी आई रोज सारवायची. असले डाग किती पडले नि गेले," म्हणाल्या आणि तिळगुळाचा लाडू तोंडात टाकला.

मी धावदोरा काढायला सुई घेतली. दोन्ही भाग जोडून निदान वाकळ करावी, थंडी होती. अम्मांनी हातातून काढून घेतलं. "उसवू नको. पुढच्या वर्षी शाळावाले पुन्हा मागतील."

पुढच्या वर्षी त्या बाईंची बदली झाली होती. ३ जानेवारीला फोटोला हार घातला, दोन मुलांनी भाषणं केली आणि मुलं बारा वाजता घरी आली. अम्मा जाऊन आता नऊ वर्षं झाली. पेटी माझ्याकडे आहे. निऱ्या अजून टाचलेल्याच आहेत.