आजीचा फ्लॅशबॅक

रविवारी दुपारी टीव्हीवर 'शोले' लागला होता. १९७५ सालचा हा चित्रपट घरातल्या मोठ्यांना तोंडपाठ; बारा वर्षांचा नातू मात्र तो पहिल्यांदाच पाहत होता. होळीच्या दिवशी गब्बर गावावर चालून आला. बंदूक ठाकूरच्या पायाशी पडलेली, पण तो काही ती उचलून देईना! वीरू भडकला, तसा नातूही भडकला. "हा ठाकूर भित्रा आहे का गं, आजी?"

"थोडं थांब," आजी म्हणाली.

मग ठाकूरची हकिगत सुरू झाली. गब्बरने मारलेली घरची माणसे, तोडलेले हात... हकिगत संपली, वाऱ्याने शाल गळून पडली आणि नातू गप्प झाला. जरा वेळाने म्हणाला, "म्हणून तो सारखी शाल पांघरून असतो होय!"

आईने समजावले, "मध्येच थांबून मागची गोष्ट सांगायची, तो फ्लॅशबॅक. आणि शाल ही पूर्वसूचना. ती आधीपासून डोळ्यांसमोर असते, पण तिचा अर्थ मागाहून कळतो."

सलीम-जावेद यांनी ही हकिगत सुरुवातीलाच सांगितली असती, तर ठाकूरची नुसती कीव आली असती. त्यांनी ती आपण त्याला दोष देऊन मोकळे झाल्यावर सांगितली. वाल्मीकि रामायणातही असेच आहे. राम वनात गेल्यावर कौसल्या दशरथाला नको नको ते बोलते. त्यानंतर तो तिला तरुणपणची गोष्ट सांगतो. अंधारात आवाजाच्या रोखाने सोडलेला बाण, मेलेला मुनिकुमार आणि त्याच्या आंधळ्या पित्याचा पुत्रशोकाचा शाप! ज्याला बोल लावला, त्याचे दुःख मग कळते.

संध्याकाळी सूनबाई स्वयंपाकघर आवरत होती. डब्यांच्या मागे एक फडके सापडले. आत वाळलेल्या भाकरीचे तुकडे आणि मुंग्यांची रांग.

"आई, किती वेळा सांगायचं तुम्हाला? घरात काय कमी आहे का?"

सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. दारात उभा असलेला मुलगा म्हणाला, "आई, थांब ना. आजीचा पण फ्लॅशबॅक असेल."

सूनबाईचा हात थांबला. आजी आधी हसली, मग पाटावर बसली.

"बहात्तरच्या दुष्काळात मी दहा वर्षांची होते," ती सांगू लागली. "आई दुष्काळी कामावर खडी फोडायची. तिथे सुकडी मिळायची. आई तिच्यातली मूठभर पदरात बांधून आणायची. आम्हा भावंडांना म्हणायची, 'मी खाल्लंय.' तिने खाल्लं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं."

स्वयंपाकघरात कोणी काही बोलले नाही. सूनबाईला पंधरा वर्षांतल्या खुणा आठवू लागल्या. सगळ्यांची ताटे पाहिल्याशिवाय सासूबाई स्वतःला वाढून घेत नसत. ताटात सांडलेले शीत बोटाने टिपून घेत. रोज रात्री निजण्यापूर्वी विचारत, "पीठ आहे ना गं?" सूनबाई या साऱ्याला कंजूषपणा म्हणत आली होती.

तिने ते तुकडे झटकले आणि झाकणाच्या स्वच्छ डब्यात भरले.

रात्री नेहमीप्रमाणे प्रश्न आला, "पीठ आहे ना गं?"

एरवी ती आतूनच "हो" म्हणून टाकत असे. त्या रात्री तिने पिठाचा डबा बाहेर आणला, झाकण काढले आणि सासूबाईंच्या पुढे धरला.